आप्पांची शेड आणि माझं इंपोर्टेड कटर

लहानपणी आमच्या चिपळुणात 'इंपोर्टेड' हा शब्द उच्चारताना माणसं आवाज खाली आणायची. दुबईच्या काकाने आणलेला टेपरेकॉर्डर बघायला आळीतले लोक चपला बाहेर काढून घरात यायचे. त्याच्या खोक्यातला थर्माकोल आईने टाकला नाही. पुढची दोन वर्षं तो गणपतीच्या मखराला पुरला.

हे संस्कार घेऊन मी मेलबर्नच्या पूर्वेला, डँडेनाँगच्या डोंगरात राहायला आलो. शेजारच्या शेडमध्ये एका म्हाताऱ्याने माझ्या हातातल्या चेनसॉकडे, म्हणजे झाडं कापायच्या यंत्राच्या करवतीकडे बघून विचारलं, "इंपोर्टेड?" मी छाती फुगवून "हो!" म्हणालो. शेडमधले तिघेही असे हसले की एकाला खोकला लागला आणि दुसऱ्याने त्याची पाठ चोळली.

शेड त्या म्हाताऱ्याची. त्याचं खरं नाव राहू दे, आमच्या घरात त्याला आप्पा म्हणतात. बारमाही अर्धी चड्डी, दुसऱ्याच्या प्रत्येक कामात खोट काढायची हातोटी आणि स्वतःचं हत्यार कुणालाही न देण्याचा बाणा, हे सगळं हुबेहूब माझ्या आप्पाकाकांचं. इंग्रजीत तू-तुम्ही नाही, तरी मनातल्या मनात मी त्यांना अहो-जाहोच करतो. भिंतीवरच्या फळीवर हातोडी, पाने, पकडी टांगलेल्या, आणि प्रत्येकाभोवती काळ्या मार्करने बाह्यरेखा काढलेली. खून झालेल्या जागी पोलीस खडूने काढतात ना, तशी. एखादा पाना जागेवर नसला की आप्पांचा चेहराही पंचनाम्याला आलेल्या फौजदारासारखा होतो.

बाकीचे दोघे म्हणजे एक डच आजोबा, पन्नासच्या दशकात आईबापांचं बोट धरून बोटीतून उतरलेले, आणि एक इटालियन, जो बोलतो कमी आणि खोकतो जास्त. आप्पांचे आजोबा स्कॉटलंडचे. म्हणजे नीट बघितलं तर त्या शेडमध्ये इंपोर्टेड नव्हतं ते फक्त छपरावर बसलेलं कूकाबरा नावाचं पाखरू.

आप्पांची चेनसॉ जर्मन, स्टिल कंपनीची, डच आजोबांची स्वीडिश, हुस्क्वार्नाची. तांबडा रस्सा की पांढरा, यावर कोल्हापुरात जेवढी जुंपते तेवढीच यांची जुंपते. डच आजोबा म्हणतात, आमची कंपनी १६८९ सालची. आप्पा म्हणतात, तेव्हा ती स्वीडनच्या राजाला बंदुका करून द्यायची, चेनसॉ करायला तिला १९५९ उजाडलं. आमची १९२६ ची, आणि चेनसॉही तेव्हापासूनचीच. (१६८९ म्हटलं की मला शाळेतल्या इतिहासाच्या पेपरातला वेगळाच प्रश्न आठवतो, पण तिथे तो कुणाला सांगणार?) पूर्वी हे दोघे फोर्ड मोटार बरी की होल्डन, यावरून भांडायचे. फोर्डने २०१६ च्या ऑक्टोबरात इथला कारखाना बंद केला, होल्डनने २०१७ च्या. भांडण बंद करायला मात्र दोघेही तयार नाहीत.

त्यांच्या बोलण्यातून हळूहळू मला इथलं व्याकरण कळलं. जर्मन वस्तू जर्मन असते, स्वीडिश ती स्वीडिश, जपानी ती जपानी. इंपोर्टेड म्हणजे फक्त चिनी.

आता माझ्या खरेदीचं कारण. २०२१ च्या जूनमध्ये या डोंगरात जे वादळ झालं, त्यात आमच्या मागच्या अंगणातलं एक झाड आडवं झालं. जात मेसमेट. मेसमेट म्हणजे माझ्या लेखी डेक्कनच्या मेसमध्ये शेजारी बसून माझ्या वाटणीचा पापड खाणारा गृहस्थ, पण इथे ते निलगिरीच्या गोतावळ्यातलं एक झाड निघालं. लॉकडाउन चालू-बंद होत राहिला, त्याच्या आड लपून मी नऊ महिने ते तसंच ठेवलं. शेवटी बायको म्हणाली, "अरे, त्याच्यावर आता आळंबी उगवली. उद्या भाडं मागेल." झाड कापणाऱ्या माणसाने सांगितलेला आकडा ऐकून मी त्याला चहा पाजून परत पाठवला, आणि रात्री फोनवर चेनसॉ मागवली. आमच्या कोकणात तिला सरळ 'कटर' म्हणतात.

१३९ डॉलर! ६२ सीसी, २० इंची बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी), वर दोन चेन, हेल्मेट आणि हातमोजे फुकट. किमतीत जीएसटी धरलेला. हजार डॉलरच्या आतल्या परदेशी मालावर तो इथे १ जुलै २०१८ पासून लागतो, भारतात एकूणच तो १ जुलै २०१७ ला आला. देश बदलला तरी कर आपली तिथी सोडत नाही. सोबत माहितीपुस्तिका होती. तिच्यातली इंग्रजी चिनीतून थेट उडी मारून आली होती. पहिली सूचना जशीच्या तशी मराठीत सांगतो, "चेन बसवताना आनंद टाळावा."

आप्पांनी यंत्र हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "बासष्ट सीसी कुठून मोजलं? खोकं धरून?"

इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. या लोकांत ज्याच्याशी गोड बोलतात तो परका. शिव्या खायला लागलात की तुम्ही घरचे. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. त्यामुळे माझा उत्साह वाढला.

पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं होतं. पन्नासास एक, म्हणजे पाच लिटरला शंभर मिली. बजाजच्या स्कूटरला पंपावर टूटी ऑइल घालून घेतलेल्या पिढीला यात नवल नाही. चेनला वंगण म्हणून वेगळं तेल लागतं, ते मात्र मी विसरलो होतो. कॅनोला तेलही चालतं असं कुठेतरी वाचलेलं, म्हणून स्वयंपाकघरातली बाटली उचलली. मग दोरी ओढली. पुन्हा ओढली. कुंपणापलीकडे आप्पा चहाचा मग घेऊन उभे होते आणि मोठ्याने मोजत होते. तेवीसला यंत्र पेटलं, तेव्हा त्यांनी मग कठड्यावर ठेवून टाळ्या वाजवल्या.

मी बार लाकडाला टेकवला. आवाज प्रचंड, कापणं शून्य. जोर दिला तसा धूर यायला लागला. पाच मिनिटांत खोडावर एक काळी खाच पडली आणि सगळ्या अंगणात तळणीचा वास पसरला. खिडकीतून बायको ओरडली, "अरे, भजी करपतायत का कुणाची?"

आप्पा कुंपण ओलांडून आले, यंत्र बंद केलं, चेनकडे बघितलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. हसू दाबायला त्यांना तेवढा वेळ लागला असावा. "मेट," ते म्हणाले, "चेन उलटी आहे. तू लाकूड कापत नाहीयेस, शिजवतोयस."

आनंद टाळला असता तर हे झालं नसतं.

त्यानंतर माझं रीतसर शिक्षण सुरू झालं. पहिला धडा, चॅप्स. ही पँटवर चढवायची जाड झूल. पुढून मांड्या-नडग्या झाकते, मागे नुसते पट्टे. पुढून मावळा आणि मागून लेंगा, असं ध्यान दिसतं. पण तिच्या पोटात लांब, सैल धागे भरलेले असतात. चेन पायावर आलीच, तर कापड फाटून ते धागे बाहेर ओढले जातात, दातेरी चक्रात गुरफटतात आणि चेन जागच्या जागी अडकते. हे ऐकल्यावर मी लेंग्याबद्दल तक्रार केली नाही. दुसरा धडा, बारच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागू द्यायचा नाही, नाहीतर यंत्र उलटं तोंडावर येतं. एवढं सांगताना मात्र आप्पा एकदाही हसले नाहीत.

तिसरा धडा नवी चेन आणण्याचा, कारण माझ्या फुकटातल्या दोन्हींनी राम म्हटला होता. एक मातीत घासून बोथट झाली ("याला दात नाहीत, नुसत्या हिरड्या आहेत," इति आप्पा), दुसरी सैल पडून कंबरपट्ट्यासारखी लोंबायला लागली. मला वाटलं, वीस इंची द्या म्हणायचं आणि यायचं. काउंटरवरच्या पोराने तीन आकडे विचारले. कड्यांमधलं अंतर, बारच्या खाचेत बसणारी जाडी आणि खालच्या दात्यांची संख्या. मी घामाघूम होऊन कागदावरून वाचलं, ०.३२५, ०.०५८, ७६. एक जरी जुळला नाही तर चेन बसत नाही, किंवा बसते आणि डुगडुगते. आमच्या लग्नाच्या वेळी गुरुजींनी नाडीसुद्धा इतक्या बारकाईने बघितली नव्हती.

नव्या चेनची धारही दोन टाक्या पेट्रोल संपेपर्यंतच टिकली. मग आप्पांनी मला बाकड्यापाशी बसवलं, चेन पकडीत आवळली आणि धार कशी लावायची ते दाखवायला लागले. प्रत्येक दाताला तीन हात, पुढच्या दिशेनेच, परत येताना उचलून. हात चालू असताना तोंडही चालू. म्हणे, हा दात जर्मनांनी शोधला नाही आणि स्वीडिशांनीही नाही. अमेरिकेत ओरेगॉनला जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. त्याने १९४६ मध्ये एका बुंध्यात लाकूड पोखरणारी अळी बघितली. तिचे जबडे डावीकडे-उजवीकडे आळीपाळीने चालत होते, उभे-आडवे धागे सारख्याच सहजतेने कापत. त्यावरून त्याने चेन बनवली. "म्हणजे सगळ्यांनी एका किड्याची नक्कल केली," मी म्हणालो, "मग चिन्यांनी तुमची केली तर काय बिघडलं? तुमच्या त्या गवत कापायच्या पहिल्या व्हिक्टा मोव्हरला १९५२ मध्ये पेट्रोलची टाकी म्हणून पीचचा रिकामा डबाच लावला होता ना?"

"तो ऑस्ट्रेलियन डबा होता," आप्पा म्हणाले.

एवढ्यात त्यांनी घाम पुसायला कानस बाकड्यावर ठेवली. ४.८ मिलिमीटरची गोल कानस. सहज उचलली, आणि तिच्या शेपटाशी कोरलेली अक्षरं दिसली. मी चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"आप्पा, ही कानस किती वर्षांपासून आहे तुमच्याकडे?"

"वीस वर्षांपासून हीच जात वापरतो. डझनाने घेतो. असं पोलाद आता मिळत नाही."

"मेड इन इंडिया आहे."

शेडमध्ये शांतता पसरली. इटालियनसुद्धा खोकला नाही. मी सावकाश, चवीचवीने सांगितलं की माझ्या गावाकडे, चिपळूण-रत्नागिरीला, कानशींचे कारखाने आहेत आणि तिथली कानस जगभर जाते. ही कदाचित माझ्या वर्गातल्याच कुणाच्या हातून गेली असेल. आप्पांनी कानस माझ्याकडून घेतली, दूर धरून वाचली, जवळ धरून वाचली. डच आजोबा हळूच म्हणाले, "म्हणजे तुझी स्टिल वीस वर्षं इंपोर्टेड धारेवर चालली."

आप्पांनी उरलेले दात न बोलता घासले. जाताना फक्त म्हणाले, "पुढच्या वेळी गावी जाशील तेव्हा सहा आण. फॅक्टरीतल्या."

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला भारतातून वस्तू आणायला सांगत होतं. पुढच्या मे महिन्यात चिपळूणहून निघताना सहा कानशी घेतल्या. मामाने हौसेने त्यांना बाभळीच्या मुठी घडवून दिल्या. लाकूड आहे म्हणून मेलबर्नच्या विमानतळावर, बाहेरून आणलेल्या वस्तू जाहीर करायच्या कार्डावर खूण केली आणि वेगळ्या रांगेत उभा राहिलो. अधिकारी बाईंनी एकेक मूठ दिव्याखाली फिरवून किडीची भोकं शोधली. नव्हती.

"हे कशासाठी?"

"चेनसॉला धार लावायला."

बाईंचा चेहरा उजळला. माझा नवरा दर शनिवारी लाकडं फोडतो, वगैरे सांगून झालं. मग बॅग माझ्याकडे सरकवत त्यांनी विचारलं, "तुझी कुठली? स्टिल की हुस्की?"

मागे रांग वाढत होती. मी खरं तेच सांगितलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं, कानशींकडे बघितलं, आणि शेजारच्या सहकाऱ्याला हाक मारली.