मुतखड्याचं पोतं

मला मुतखडा झालेला नाही. हे एकदा स्वच्छ लिहून टाकतो, कारण आमच्या न्यू जर्सीतल्या इमारतीत परवापासून जो तो माझ्या तब्येतीची चौकशी करतोय आणि तळमजल्यावरच्या वहिनींनी कुळथाचं कढण पाठवलंय.

मी घरी बिअर करतो. पाच गॅलनच्या एका खेपेला साधारण पाच किलो माल्ट, म्हणजे बिअरसाठी तयार केलेले जव, लागतं आणि सुटं परवडत नाही, म्हणून जर्मन पिल्सनर माल्टचं २५ किलोचं पोतं एका मित्राबरोबर भागीत मागवलं. कुरिअरवाला ते लॉबीत टाकून पसार. लिफ्ट बंद.

आणि लॉबीत शेजाऱ्यांच्या काकू. साताऱ्याहून लेकाकडे आलेल्या. दिवसभर खिडकीतून पार्किंग लॉट बघणाऱ्या माणसाला पोतं म्हणजे पर्वणीच.

"वर्षाचे गहू भरले का रे?"

"जव आहेत, काकू."

"एवढे? कशाला?"

मी तोंड उघडणार तोच भागीदार म्हणाला, "त्याला मुतखडा आहे ना काकू. जवाचं पाणी पितो." आणि फोन कानाला लावून गाडीकडे सटकला. साडेबारा किलो त्याचे होते त्यात!

"किती एमएमचा?"

"आठ," मी म्हणालो. आठच का, देव जाणे.

"आमच्यांचा अकराचा होता. पडला आपोआप." एवढं बोलून काकूंनी केसातली पिन काढली, पोत्याच्या कोपऱ्याची शिवण उसवली आणि चार दाणे तोंडात टाकले. बराच वेळ चावले.

"फसवलं की रे तुला! हे मोडाचे आहेत. भिजवले, मोड आणले, वाळवले. आम्ही नाचणीचं सत्त्व करतो तसं. गोड लागतायत बघ. औषधाला साधे जव लागतात. परत कर."

मोड येताना दाण्यात एन्झाइम्स तयार होतात, तीच पुढे स्टार्चची साखर करतात, हे कळायला मी जाडजूड पुस्तक विकत घेतलं होतं. काकूंनी एका घासात निकाल लावला.

"बरं, एरंडेल लावलंस का? पोरकिडे होतील."

अख्खं माल्ट कोरड्या हवाबंद डब्यात वर्षभर सहज राहतं. भरडलं की मात्र लवकर उतरतं. एरंडेलाची गरज नाही, उलट तेलाचा अंश राहिला तर बिअरचा फेसच बसतो. पण फेस हा शब्द कुठल्या तोंडाने काढू?

"डॉक्टरांनी तेल बंद केलंय."

"वरून लावायचं तेल? कुठला डॉक्टर हा? लाव फोन."

खरं तर लपवण्यासारखं काहीच नाही. १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केली आणि अमेरिकेत घरगुती बिअर केंद्रीय कायद्याने मोकळी झाली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, विकायची तेवढी नाही. पण ते वॉशिंग्टनमध्ये. साताऱ्यापुढे कार्टरांची सही चालत नाही.

राग त्याचा नाही. राग आमच्याच बाल्कनीत येऊन "घरची ती घरचीच" म्हणत तिसरा ग्लास पुढे करणाऱ्यांचा आहे. लॉबीत यातल्या एकाला माझी ओळख नसते. बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या हॉप्सच्या फुलांचं तेच. त्यांना हवा आणि ऊब सोसत नाही, म्हणून व्हॅक्यूम पाकिटं फ्रीझरमध्ये ठेवायची. कोणाच्या? आमच्या. भागीदाराच्या बायकोला तो वास चालत नाही. आमच्या खवलेल्या नारळाला लागला तर चालतो! बायकोने मागच्या चतुर्थीला मोदक चाखून माझ्याकडे जे पाहिलं, ते भागीदाराला कोण सांगणार?

पोतं जिन्याने मी एकट्याने चढवलं. काकू मागून एरंडेलाची बाटली घेऊन आल्या, आणि जाताना "फसलासच आहेस तर सत्त्व तरी करते" म्हणून डबाभर माल्ट घेऊन गेल्या.

रात्री भागीदाराचा मेसेज: बिअर कधी लावतोयस? मी त्याच्या निम्म्या पैशांचं विचारलं.

"घाई काय आहे," तो म्हणाला, "आधी बरा हो."