तो कागद मीच लिहून घेतला होता

अक्षर तिचं होतं, वाक्यं माझी होती. "पेपर चालू असताना माझ्याकडे कॉपी सापडली. माझी चूक मला मान्य आहे. पुन्हा असे करणार नाही. मला माफ करावे." मी सांगत गेलो, ती लिहीत गेली, खाली सही केली. हात थरथरत होता तिचा. "लिही गं, काही होत नाही," असं मी वर म्हणालो.

कोविडनंतरच्या हिवाळी सत्राची परीक्षा होती. कॉलेज स्वायत्त, म्हणजे परीक्षा कॉलेजची, निकाल कॉलेजचा, गैरप्रकार चौकशी समितीही कॉलेजचीच. माझी कनिष्ठ पर्यवेक्षकाची ड्युटी होती. भरारी पथक खालच्या मजल्यावर आल्याची कुणकुण लागली आणि तेवढ्यात मला दोन बाकांच्या मधल्या जागेत एक चिठ्ठी पडलेली दिसली. पुढच्या बाकावर ही मुलगी. पथकाला चिठ्ठी आधी सापडली असती तर ठपका माझ्यावर आला असता, म्हणून मी घाईघाईने तिला उभं केलं. हे आज कबूल करतोय, कारण परवा पारोळ्याहून एक फोन आला आणि तेव्हापासून झोप लागत नाहीये. फोनचं पुढे सांगतो.

मुलगी धडगावकडची, अक्राणीतल्या एका पाड्यावरची. घरी पावरी बोलणार, कॉलेजात मराठी. सरकारी आदिवासी वसतिगृहात राहून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि तिच्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेली ती पहिलीच. सव्वा महिन्याने समितीचं पत्र निघालं, पालकांना घेऊन हजर राहा म्हणून. बाप ऊसतोडीला गुजरातेत. ती एकटीच आली. तीन खुर्च्या, टेबल, आणि टेबलावर तो कागद. हे अक्षर तुझंच ना? हो. सही तुझीच ना? हो. झाली सुनावणी. त्या सत्राची सगळी संपादणूक, म्हणजे सगळ्या पेपरांचे गुण, रद्द, पुढच्या एका परीक्षेला बसायला बंदी. वर्ष गेलं तसा वसतिगृहातला प्रवेशही गेला. ती पुन्हा कॉलेजात दिसली नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्याच समितीवर माझी नेमणूक झाली. जुन्या फायली चाळताना तिची फाईल हाताशी आली. चिठ्ठी टाचणीने लावलेली होती. चिठ्ठीवर मातीचे प्रकार होते: काळी, गाळाची, जांभी. त्या दिवशीचा पेपर लोकसंख्या भूगोलाचा. मी अर्थशास्त्राचा माणूस, पण एवढं मलाही कळतं. चिठ्ठीतली एक ओळसुद्धा तिच्या उत्तरपत्रिकेत असणं शक्य नव्हतं. चिठ्ठी तिची होती की कुणी आदल्या पेपरला टाकलेली, हे कुणीच पाहिलं नाही. अक्षरही जुळवलं नाही. कुणाला गरजच वाटली नाही, कारण फाईलीत सगळ्यात वर तिची कबुली होती. ती कबुली मी लिहून घेतली होती.

कॉपीचा मी कैवारी नाही. तीस वर्षं मी कॉप्या पकडल्या. परीक्षा केंद्राच्या खिडकीपाशी लोंबकळणारी पोरं पाहिलीत, आणि आत बसून प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या पोराचा चेहराही पाहिलाय. महाराष्ट्रात 1982 पासून परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे आणि तो असलाच पाहिजे. सगळं केंद्रच कॉपीवर चाललं असेल तर प्रत्येक पोराला वेगळं ऐकत बसायची गरज नाही, परीक्षा रद्द करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1970 सालीच बिहारच्या एका प्रकरणात सांगितलंय. ते मला पटतं.

पण त्याच न्यायालयाने त्याच्याही आधी, 1962 साली, घनश्याम दास गुप्ता प्रकरणात उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाला सुनावलं होतं. 1954 च्या परीक्षेत कॉपीचा ठपका ठेवून तीन विद्यार्थ्यांचे निकाल रद्द केले होते, पुढच्या वर्षीच्या परीक्षेलाही बसू दिलं नव्हतं, आणि त्यांना बाजू मांडायची संधीच दिली नव्हती. न्यायालय म्हणालं, ज्या निर्णयाने पोराचं अख्खं आयुष्य डागाळू शकतं तो निर्णय त्याला न ऐकता घेता येणार नाही. साठ वर्षं उलटली या निकालाला. मी तीस वर्षं पर्यवेक्षण केलं, दरवर्षी परीक्षेआधीच्या बैठकीला बसलो. तिथे बाकांतलं अंतर सांगितलं, पुरवण्यांचा हिशेब सांगितला, हे कुणी सांगितलं नाही.

आणि ऐकणं म्हणजे तीन खुर्च्यांसमोर उभं करणं नव्हे. आरोप काय आहे ते लेखी हातात पडलं पाहिजे. सापडलेल्या चिठ्ठीची प्रत मिळाली पाहिजे. खुलासा द्यायला निदान दोन दिवस पाहिजेत, आणि तो ज्याने पकडलं त्याच्या नजरेखाली, पुढचा प्रश्न सोडवायचा राहिलेला असताना लिहून घेता कामा नये. पावरी, भिली बोलणारं पोर असेल तर त्याची बोली कळणारा कुणीतरी शेजारी हवा. नंदुरबार जिल्ह्यात अशी माणसं शोधायला लांब जावं लागत नाही, कॉलेजातला शिपाईसुद्धा मदत करेल. शेवटी निकालपत्रात कारण हवं आणि अपील कुठे करायचं ते हवं. त्या मुलीच्या पत्रात दीड ओळ होती. अपिलाचा शब्द नव्हता.

याच कॉलेजातली दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. वसतिगृहात चार मुलांनी प्रथम वर्षाच्या एका पोराला रात्रभर उभं ठेवलं, मारलं, कपडे काढायला लावले. पोराने लेखी तक्रार केली. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 चा आहे आणि त्याचं म्हणणं अगदी साफ आहे: तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार पोलिसांकडे पाठवायची. गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश नाही.

आमच्याकडे काय झालं? चौघांचे वडील गाड्या घेऊन आले. केबिनमध्ये चहा झाला. "पोरांचं भविष्य आहे, कॉलेजचं नाव आहे" असं म्हणत तक्रारदार पोराच्या बापाकडून तक्रार मागे घेतल्याचा कागद लिहून घेतला. बाप शेतमजूर. त्यानेही सांगितलं तेच लिहिलं. पोर दाखला काढून दुसऱ्या गावी गेलं. तिथे मी नव्हतो, पण स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत होतं आणि मी काही बोललो नाही.

म्हणजे पाड्यावरच्या मुलीला एका चिठ्ठीसाठी वर्षाची शिक्षा, आणि चौघांना काहीच नाही. दोन्हीकडे कागद लिहून घेतलेला, दोन्हीकडे लिहिणारा गरीब. मला राग येतो तो याचा. शिस्त कडक असावी की सौम्य, यावर लोक तावातावाने भांडतात. पण जिथे ती वरच्याला लागतच नाही आणि खालच्याचं ऐकतच नाही, तिथे या भांडणाला काय अर्थ?

जळगावच्या डॉ. पायल तडवीचं नाव घेतल्याशिवाय खान्देशात या विषयावर बोलता येत नाही. मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेत असताना 22 मे 2019 ला या आदिवासी मुलीने जीव दिला; जातीवरून वरिष्ठांनी छळ केल्याचा आरोप झाला. प्रकरण न्यायालयात आहे, त्याच्या गुणदोषांवर मी बोलणार नाही. पण तिची आई आबेदाताई घरात बसून राहिल्या नाहीत. हैदराबादच्या विद्यापीठात 2016 साली जीव दिलेल्या रोहित वेमुलाच्या आई राधिकाताईंसोबत त्यांनी 2019 मध्येच सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, कॉलेजांत जातीवरून होणारा छळ थांबवणारी यंत्रणा खरोखर चालली पाहिजे म्हणून. लेक गमावलेल्या दोन बायांनी दिल्लीपर्यंत जायचं, आणि आम्ही प्राध्यापकांनी स्टाफरूममध्ये गप्प बसायचं. मला याची लाज वाटते.

आमच्याकडे शिस्तीवर भाषण निघालं की अमळनेरच्या छात्रालयातले साने गुरुजी निघतातच. मुलांच्या पसरलेल्या खोल्या ते स्वतः आवरून ठेवत, कपडे धुऊन टाकत, हे मीही विद्यार्थ्यांना सांगितलंय. पण प्रत्येक कॉलेजात गुरुजी मिळणार नाहीत. माझ्यासारखी घाबरट माणसंच जास्त मिळणार. म्हणून तर नियम पाळले जायला हवेत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2023 चे नियम आहेत, विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठीच नेमलेला लोकपाल. समितीने पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, तो पटला नाही तर विद्यार्थ्याला लोकपालाकडे जाता येतं. कॉलेजच्या फलकावर हे मोठ्या अक्षरांत लावायला किती खर्च येतो?

आता तो फोन. पारोळ्याकडचा एक कापूसवाला शेतकरी, माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा भाऊ. त्याचं पोरगं दुसऱ्या एका कॉलेजात शिकतं. पेपरला खिशात मोबाईल सापडला. पोरगं म्हणतं, मोबाईल नेला ही चूक माझीच, पण तो बंद होता, मी खिशातून काढलाही नाही. कागदावर मात्र लिहिलंय, "मोबाईलचा वापर करून उत्तरे लिहिली." मोबाईल बाळगणं आणि मोबाईलवर बघून लिहिणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, शिक्षेतही असायला हवा. ते वाक्य त्याचं नाही, पर्यवेक्षकांनी सांगितलेलं आहे. बाप फोनवर एवढंच म्हणाला, "सर, पोऱ्यानी लिखी दिन्हं. आते काय करानं?"

मी त्यांना सांगितलं, भाऊ, घाबरू नका, पोराला स्वतःच्या शब्दांत सगळं पुन्हा लिहू द्या. मोबाईल नेला हेही त्यात असू द्या, लपवू नका. मी एक शब्दही सांगणार नाही. कॉलेजला द्यायच्या अर्जात दोन मागण्या घातल्या आहेत: पहिल्या जबाबाची प्रत द्या, आणि पेपरच्या तीन तासांत मोबाईल चालू होता का ते तपासा.

धडगावच्या त्या मुलीचा पत्ता मी जुन्या फाईलीतून उतरवून घेतला होता. तिला पत्र लिहिलंय, चिठ्ठी कशावर होती तेही लिहिलंय. अजून उत्तर नाही.

उद्या सकाळी साडेसातच्या एसटीने मी, तो बाप आणि ते पोरगं कॉलेजात जातोय.