खुलासा : फिल्टर कव्हरचे बोल्ट कचकचून आवळू नका

ठाण्यातल्या आमच्या ऑफ-रोड बाइकवाल्यांच्या ग्रुपवर फिरतंय, ‘ऑइल बदललं की फिल्टर कव्हरचे बोल्ट कचकचून आवळा, गळणार नाही.’ चूक आहे. गळती अडवते ती ओ-रिंग, म्हणजे कव्हरची रबरी कडी; मनगट नव्हे. ती नवी टाका, बसवताना बोटाने ऑइल लावा. हे एम६, म्हणजे ६ मिमी जाडीचे बोल्ट, ॲल्युमिनियममध्ये बसणारे. त्यांना साधारण १० न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) पुरतात. नेमका आकडा मॅन्युअलात बघा. आधी हाताने फिरवा, मग आखूड टी-पान्याने थोडं थोडं, आळीपाळीने. माझ्या बोल्टचं डोकं ‘टक्’ करून हातात आलं होतं. आत अडकलेला तुकडा काढायला वागळे इस्टेटमध्ये लेथवाल्याकडे अर्धा दिवस बसलो. ड्रेन बोल्टचा (इंजिनाखालचा, जुनं ऑइल काढायचा) आकडा मात्र वेगळा, जास्त असतो.