लौटरपाख्ट यांच्या टीकेलाही जागा हवी होती

आंतरराष्ट्रीय कायद्याचे अभ्यासक हर्श लौटरपाख्ट यांच्यावरील या लेखात, दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्ग खटल्यासाठी त्यांनी केलेल्या कामाची योग्य दखल घेतली आहे. मात्र त्यांच्या लेखनातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग एका वाक्यात आटोपला, याची रुखरुख लागली. मानवी हक्कांची आंतरराष्ट्रीय सनद कशी असावी, याचा कलमवार मसुदा त्यांनी 1945 मध्येच पुस्तकरूपाने मांडला होता आणि त्यात हक्कांइतकाच त्यांच्या अंमलबजावणीचाही विचार केला होता. म्हणूनच 10 डिसेंबर 1948 रोजी संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे सर्वत्र स्वागत होत असताना, ज्यांचे बहुतेक कुटुंब नाझींनी संपवले होते अशा या कायदेपंडिताने, तो राष्ट्रांवर कायद्याने बंधनकारक नाही, यावर नेमके बोट ठेवले. मानवी हक्कांचे बंधनकारक करार 1966 मध्ये संमत झाले आणि 1976 मध्ये अमलात आले. लौटरपाख्ट 1960 मध्येच निवर्तले होते.

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीश झाल्यावरही, राष्ट्रांवरचे बंधन खरोखर कायदेशीर असावे, हाच आग्रह त्यांनी धरला. नॉर्वेने घेतलेल्या कर्जांवरून फ्रान्सने दाखल केलेल्या खटल्यात (1957) त्यांनी स्वतंत्र मत नोंदवले. कोणती बाब आपल्या अंतर्गत अखत्यारीतील आहे हे आपणच ठरवू, अशी अट घालून एखादे राष्ट्र न्यायालयाचा अधिकार मान्य करत असेल, तर ती मान्यता कायद्याच्या दृष्टीने पोकळ ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. त्या निकालपत्रावर लेखकाने सविस्तर लिहावे, अशी मनापासून विनंती आहे.