बोअर तुमचा असेल, पाणी तुमचं एकट्याचं नाही

आठवडाभर एक मेसेज फिरतोय. 'गावकी म्हणजे गुलामी' असा मथळा, खाली पाच मुद्दे आणि 'पटलं तर पुढे पाठवा'. दुसऱ्या कुणी पाठवला असता तर पुसून टाकला असता. पण परवा तो मामांनी पाठवला, आणि खाली लिहिलं, "आता बांधावर कुणाला पाय ठेवू देणार नाही." मामांचं रान बार्शी तालुक्यात, ओढ्याला लागून. गावानं ओढा खोल करायचं ठरवलंय आणि मशीन त्यांच्याच बांधावरून जायचंय. म्हणून सोलापुरात बसून हे लिहावं लागतंय.

मेसेजमधला पहिला मुद्दा सगळ्यात घातक: 'आपला बोअर, आपलं पाणी, दुसऱ्याच्या रानात घाम कशाला गाळायचा?'

आपल्या मातीखाली काळा पाषाण आहे. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, आणि भेग काही गट नंबर बघून फुटत नाही. मामांच्या बोअरला येतं ते पाणी वरच्या अंगाच्या रानात आणि माळावर मुरलेलं असतं. शेजाऱ्यानं त्याच भेगेवर आणखी खोल बोअर मारला की मामांची मोटर हवा ओढणार. जिल्ह्यात पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. तो माळावर अडला नाही तर ओढ्यानं निघून जातो. आणि तो माळ कुणा एकाच्या सातबाऱ्यावर नाही. तिथे चर कोण खणणार?

लांबचं उदाहरण नको. याच बार्शी तालुक्यातलं सुर्डी 2019 च्या वॉटर कप स्पर्धेत, म्हणजे गावांनी श्रमदानानं पाणी अडवण्याच्या स्पर्धेत, राज्यात पहिलं आलं, 75 लाखांचं बक्षीस मिळालं. स्पर्धा 45 दिवसांची, एप्रिल-मेच्या उन्हातली. प्रत्येकानं आपापलं बघितलं असतं तर सुर्डीचं नाव कुणाला कळलं नसतं.

त्याच उन्हाळ्यात आमच्या माळावर मी एक सकाळ श्रमदानाला गेलो होतो. पाट्यांच्या रांगेत माझ्या पुढे एक म्हातारी उभी होती. मुरमाची पाटी हातात देताना दर वेळी म्हणायची, "बोटं सांभाळ, बाळा." दहा वाजेपर्यंत माझ्या तळहाताला फोड आले, ती थांबली नाही. तिच्या नावावर एक गुंठाही रान नाही. दोन शेळ्या आहेत, आणि त्यांना उन्हाळ्यात पाणी लागतं. 'दुसऱ्याच्या रानात' म्हणणाऱ्यानं तिला जाऊन विचारावं.

दुसरा मुद्दा, यंत्रं आली, सावड संपली. लिहिणाऱ्यानं ज्वारीची काढणी बघितलेली नाही. कडबा हवा असतो म्हणून आपल्याकडे ज्वारी अजून बहुतेक हातानंच उपटतात. काढणीच्या दिवसांत मजूर मिळत नाही, तेव्हा आज तुझं रान, उद्या माझं, याशिवाय पेंढ्या बांधून होत नाहीत.

'अडचणीला शेजारी कशाला, 108 आहे.' आहे, आणि चांगली सोय आहे. पण साप चावलेल्या माणसाला वस्तीवरून डांबरी रस्त्यापर्यंत उचलून कोण आणतं?

जत्रेच्या वर्गणीबद्दल म्हणाल तर हिशोब ग्रामसभेत मागा. वर्गणीच बंद करा हा त्यावरचा उपाय नव्हे.

मेसेजमधला पाचवा मुद्दा मात्र मान्य करावा लागतो. गावकीनं माणसं वाळीत टाकली आहेत, जातीबाहेर लग्न केलं म्हणून घरं तोडली आहेत. उगाच नाही महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. तो 2017 मध्ये लागू झाला, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा मुद्दा खरा आहे, आणि तो नाकारून मामांशी बोलता येणार नाही. पण वाळीत टाकणं ही काही गावाची एकी नव्हे. काही जणांनी दुसऱ्यांना एकीबाहेर ढकलणं आहे ते. ज्या गावात म्हातारीला पाट्यांच्या रांगेत जागा आहे आणि पाणवठ्यावर नाही, तिथे पाणवठ्यासाठी भांडायचं. रांग कशाला मोडायची?

काल रात्री मामांना फोन केला. मशीन गेल्यावर बांध कोण घालून देणार, ही त्यांची खरी धास्ती होती. मागे एकदा फुटलेला बांध तसाच राहिला होता. मी म्हटलं, "मामा, हे ग्रामसभेत लिहून घेऊ." ते म्हणाले, "रविवारी ये, टेप घेऊन ये. किती फूट जाणार ते आधी मोजू."