पाणंद चार फुटांची

एका शब्दात निकाल लागला: ‘खेळणं’.

झालं असं की, जूनमध्ये इथे न्यूझीलंडला, मी कामाला आहे त्या किवीच्या बागेचा मालक हॅमिल्टनला फील्डडेज या शेतकी प्रदर्शनाला गेला आणि दर वर्षी ‘नुसता बघून येतो’ म्हणणारा हा माणूस यंदा साइड-बाय-साइड घेऊनच परतला. नारिंगी कुबोटा, ११२३ सीसीचं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन, डोक्यावर लोखंडी पिंजरा, मागे उलटवता येणारा हौदा. जुन्या क्वाडवर, म्हणजे चारचाकी बाइकवर, घोड्यावर बसल्यासारखं बसावं लागायचं. हिच्यात जीपसारखं दोघांनी शेजारी-शेजारी बसायचं, पट्टा लावायचा, स्टिअरिंग धरायचं. सीटवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं तेव्हा मी फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘वरच्या बागेला अशी एक असती तर?’

घर म्हणजे राजापूर तालुक्यात, खाडीच्या काठाला. बाग सड्याच्या उतारावर. मध्ये एकशे बारा पायऱ्यांची पाखाडी आणि बाजूने पाणंद.

‘खेळणं’ म्हणाला तो ठाण्याचा चुलतभाऊ. त्याच्या मागून मुंबईकर चाकरमान्यांची रांगच लागली. एक म्हणाला, असली यंत्रं आली की गावाचं गावपण जातं. दुसऱ्याने हिशोब मांडला, त्या पैशात बोलेरो पिकअप दारात उभी राहते. तिसऱ्याने कुठल्याशा किनाऱ्यावर चार टवाळ पोरं वाळू उडवत गाड्या फिरवतायत असा व्हिडिओ टाकून विचारलं, ‘हीच ना रे ती?’

मला झोप लागेना. ठाण्यात लिफ्टने सातव्या मजल्यावर जाणाऱ्या माणसाने पाखाडीचं कौतुक सांगावं! मी रात्री साडेअकराला उठून लांबलचक उत्तर लिहिलं. एक क्रेट वीस किलोचा. या गाडीचा हौदा पाचशे किलो घेतो, म्हणजे पंचवीस क्रेट, म्हणजे एका माणसाच्या डोक्यावरून पंचवीस खेपा. पंचवीस खेपा गुणिले एकशे बारा पायऱ्या. गावपण कोणाच्या मानेवर उभं आहे ते एकदा मोजा, असं शेवटी लिहिलं आणि मोठ्या समाधानाने झोपलो.

सकाळी उत्तर आलं ते वहिनीचं. गावात राहून बाग खरंच सांभाळणाऱ्या भाऊंची बायको, ग्रुपवर कधी बोलत नाही. तिने एवढंच लिहिलं होतं, ‘डोक्यावरचा आंबा हलत नाही, भावोजी.’

यावर काय बोलणार? हापूस चौदा आणे तयार झाला की देठासकट उतरवायचा. नूतन झेल्यात, म्हणजे काठीला लावलेल्या जाळीत, अलगद घ्यायचा. देठ मोडला तर चीक सालीवर ओघळतो आणि काळा डाग पडतो. आदळला तर वरून काही दिसत नाही, आढीत आठव्या दिवशी कळतं. मी सस्पेन्शनचं सांगितलं. इथे किवीने भरलेले मोठे खोके ट्रेलरवरून खडबडीत वाटेने जातात, एक फळ दुखावत नाही, हेही सांगितलं. किवी दगडासारखी कडक असतानाच काढतात आणि शीतगृहात महिनोन् महिने राहते, हे नाही सांगितलं. हापूस तेवढी मुभा देत नाही.

सोयीचं तेवढं सांगायची सवय मला इथे येऊनच लागली की आधीपासून होती, देव जाणे.

उदाहरणार्थ, सुरक्षेवर मी ग्रुपवर व्याख्यानच दिलं. क्वाड अंगावर उलटून इथे माणसं मेली आहेत, म्हणून लोक पिंजऱ्याच्या गाडीकडे वळतायत. कामावर पाय घसरला तरी एसीसी हे अपघात-भरपाईचं सरकारी खातं बघतं, चूक कोणाची हे विचारत नाही. आणि आपल्याकडे? गडी झाडावरून पडला की घरटी शंभर-दोनशे गोळा करतात आणि पुढच्या आठवड्यात त्या झाडावर दुसरा चढतो. यातलं खोटं काही नाही. पण आमचा मालक फाटकाच्या आत शिरला की पट्टा पाठीमागून अडकवून टाकतो, गाडीची पिरपिर थांबावी म्हणून. पट्टा नसेल तर त्या पिंजऱ्याचा उपयोग शून्य, तुम्ही बाहेर फेकले जाता आणि मग पिंजराच अंगावर येतो. हे मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीत, आम्ही यावर बोलत नाही.

किनाऱ्याच्या व्हिडिओवर मात्र मी खरंच चिडलो होतो, कारण त्यात माझ्या मुद्द्याचा काही संबंध नव्हता. वाळूत गाडी घालू नये हे मला कोणी शिकवायला नको. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रच्या लोकांनी गावकऱ्यांना हाताशी धरून कासवांची अंडी राखली, ती काय चाकांखाली घालायला? आणि सड्याचं म्हणाल तर आमच्याच तालुक्यात, बारसूला, देवाच्या गोठण्याला, कातळशिल्पं आहेत. २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सडा म्हणजे ओसाड माळ समजून त्यावर गाड्या उडवणाऱ्याला मी स्वतः खाली ओढीन. मी बोलत होतो आंबा वाहण्याबद्दल. शेवटी टोमणाही मारला, ‘इकडे लोकांना शिस्त आहे.’ इकडे किनारा कायद्याने रस्ताच धरला जातो, डॉटरेल पक्ष्यांच्या घरट्यांना दोरी बांधलेली असते आणि तिच्या हातभर अंतरावरून यूट, म्हणजे इथल्या पिकअप गाड्या, जातात, हे लिहायला बोट उचललं नाही.

ठाणेकराने यावर त्याचं ठेवणीतलं अस्त्र काढलं. ‘ते सोड. गणपतीला येतोस काय?’

वाद कुठलाही असो, महामार्गाचा, रिफायनरीचा, माकडांचा, आमच्याकडे तो याच वाक्यावर संपतो. सहा वर्षं मी ‘बघतो’ म्हणतोय. गणपती येतात तेव्हा इथे थंडी सरत असते, वेलींची छाटणी-बांधणी उरकायची घाई असते, रोस्टर लागलेलं असतं. ही सगळी कारणं खरी आहेत.

पैशाचं म्हणाल तर गाडी तीस हजार डॉलरच्या आतबाहेर पडली, म्हणजे पंधराएक लाख. त्यात आपल्याकडे अशा गाडीला रस्त्याचं पासिंग नाही, बागेतून डांबरीवर आणली की पंचाईत. बोलेरोवाल्याचा मुद्दा इतका वेडगळ नव्हता, फक्त बोलेरो बागेत चढत नाही. आणि मधलं काही निघालंच नाही असंही नाही. २०१५ साली आयशर आणि पोलारिस या दोन कंपन्यांनी मिळून मल्टिक्स नावाची गाडी आणली होती, बरीचशी याच कल्पनेची, शिवाय रस्त्यावर चालणारी. २०२० मध्ये ती बंद झाली. ‘बंद का पडली मग?’ ठाणेकराने विचारलं. तुझ्यासारखी गिऱ्हाइकं होती म्हणून, असं लिहून मी खोडलं.

तिसऱ्या दिवशी भाऊ बोलले. बोलले म्हणजे फोटो पाठवला. भर पावसात, छत्री कोणाच्या तरी हातात, दोन गडग्यांच्या मध्ये ताणून धरलेली मोजपट्टी. जांभ्यावर शेवाळ, खालून पाण्याचा लोट, आणि पट्टीवर अंगठा: तीन फूट अकरा इंच. ‘सगळीकडे चारच आहे, वळणावर कमी. तुझी केवढी?’

मी रेडबँडचे गमबूट चढवून शेडमध्ये गेलो. एकशे साठ सेंटिमीटर, सव्वापाच फूट. पन्नास इंची मॉडेलंही असतात, पण ती बहुतेक फिरायची, ओझ्याची नव्हेत, आणि आमच्या पाणंदीत तीही अडतील. मी आकडा कळवला. लगेच पुढे लिहिलं की एका बाजूचा गडगा दीड-दोन फूट आत सरकवला तर काम होईल, आजोबांनी रचलेला असला म्हणून काय झालं, दगड तेच राहतील.

भाऊंचं उत्तर ग्रुपवर नाही आलं, मला वेगळं आलं. ‘गडगा सामायिकात आहे. सातबारावर एकोणीस नावं. अठरांनी मुखत्यारपत्र दिलंय.’

एकोणिसावा मी.

त्या मुखत्यारपत्राचा मसुदा दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलाय. छापलेला आहे, सही कुठे करायची तिथे भाऊंनी पेन्सिलीने फुली मारून स्कॅन केलंय. मला फक्त एक दिवस रजा टाकून आपल्या वकिलातीत जायचं आहे. ड्रॉवर उघडला की मोज्यांच्या खाली ते दिसतं. त्यात मला काही मिळायचं राहिलंय असं नाही, बागेतला वाटा मी मागितला नाही, मागणारही नाही. भाऊ फसवतील असं तर स्वप्नातही येणार नाही. पण गेली दोन वर्षं शिमग्याला आणि गणपतीला भाऊंचा न चुकता फोन येतो. पालखी कुठवर आली, फणस किती लागले, वहिनीचा गुडघा, सगळं होतं आणि शेवटी, ‘त्या सहीचं तेवढं बघ रे.’ सही झाली की फोन कशासाठी येईल?

इथली बाग माझी नाही. गाडी माझी नाही, तिची किल्लीसुद्धा संध्याकाळी खिळ्याला अडकवून यायची असते. हंगामात आरएसई या परदेशी मजुरांच्या योजनेवर आलेली व्हानुआटूची पोरं गळ्यात पिशव्या अडकवून किवी काढतात आणि हंगाम संपला की जातात, तशी आपल्याकडे नेपाळी पोरं बागा राखतात आणि पावसाच्या तोंडावर जातात. मी त्यांच्यातला नाही असं मला अकरा वर्षं वाटत आलंय, मला रेसिडेन्सी आहे. परवा त्यांच्यातल्याच एकाने विचारलं, तुझ्या गावी तुझी जमीन आहे का? मी फार पटकन ‘आहे’ म्हणालो. एकोणिसावा हिस्सा, असं नाही म्हणालो.

काल भाऊंचा पुन्हा मेसेज. मला वाटलं, तेच असणार. ‘हौदा खोल किती?’

पाऊस लागला होता तरी जाऊन मोजला. अकरा इंच. म्हणजे क्रेट काठाच्या वर बोटभर येणार, दोरी मारावी लागेल. तसं कळवलं. ‘काथ्याची चालेल?’ त्यांनी विचारलं. चालेल म्हणालो. सहीचं त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही.