कोबाशीचा फोटो सगळेच टाकतात, मला कावादाबद्दल बोलायचंय

दरवर्षी ९ जून आला की कुस्तीवेड्यांच्या ग्रुपवर तोच एक फोटो फिरायला लागतो. जपानी प्रो रेसलर मिसावा रिंगमध्ये निपचित पडलाय आणि त्याच्या अंगावर त्याचा जोडीदार केंटा कोबाशी पालथा पडलाय. मित्राला आता आणखी मार बसू नये म्हणून. खाली रडक्या इमोज्यांची रांग. मीही दोन वर्षं हेच केलं. पण परवा रात्री ती मॅच पुन्हा पूर्ण बघितली आणि वाटलं, आपण इतकी वर्षं चुकीच्या माणसासाठी रडतोय.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ९ जून १९९५, टोकियोचं निप्पॉन बुडोकान. जायंट बाबांची कुस्ती कंपनी, ऑल जपान प्रो रेसलिंग. एका बाजूला मित्सुहारू मिसावा आणि केंटा कोबाशी, वर्ल्ड टॅग टीम चॅम्पियन, म्हणजे जोडीच्या कुस्तीतले. दुसऱ्या बाजूला तोशिआकी कावादा आणि आकिरा ताउए. मॅच चालली ४२ मिनिटं ३७ सेकंद. (त्याच महिन्यात अमेरिकेत डब्ल्यूडब्ल्यूएफनं, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईनं, मेबल नावाच्या पैलवानाला किंग ऑफ द रिंग केलं होतं. आपण लहानपणी काय बघत होतो आणि काय बघायचं राहिलं, याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.)

परवा मामा आलेला घरी. मामा कोल्हापूरचा, खासबागेतल्या कुस्त्या बघत वाढलेला. मी मोबाइल टीव्हीला जोडला, तर दुसऱ्याच मिनिटाला म्हणाला, "ही नुरा हाय की रं." म्हटलं, मामा, नुराच आहे, कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं. नाक मुरडून पेपर उघडला त्यानं. पंधरा-वीस मिनिटांनी पेपरच्या आडून आवाज आला, "पण पाय बदलत न्हाई बघ." आधी मला कळेचना. मग लक्षात आलं, कोबाशीबद्दल बोलतोय. कोबाशीची मांडी पट्ट्यांनी करकचून बांधलेली, आणि कावादा-ताउए पहिल्यापासून तिथंच लाथा घालत होते. मामाचं म्हणणं, खोटं लंगडणारा माणूस रागाच्या भरात विसरतो आणि भलत्याच पायानं लंगडायला लागतो. हा चाळीस मिनिटं विसरला नाही. मॅचची याहून बारीक समीक्षा मी इंग्रजीत पाच तारे देणाऱ्यांकडूनही वाचलेली नाही.

असो, कावादा.

मिसावा आणि कावादा आशिकागाच्या एकाच हायस्कूलचे, दोघंही शाळेच्या कुस्ती टीममध्ये. मिसावा एक वर्ष पुढे. जपानमध्ये हे एक वर्ष फार मोठं असतं. तो सेनपाई म्हणजे सीनियर, तू कोहाई म्हणजे ज्युनियर, आणि हे नातं जन्मभर सुटत नाही. मिसावा ऑल जपानमध्ये आला, पाठोपाठ कावादाही आला. मिसावाला कंपनीनं टायगर मास्क नावाच्या पात्राचा मुखवटा दिला. १४ मे १९९० रोजी टॅग मॅच चालू असताना मिसावानं तो मुखवटा सोडायला सांगितला, तोही शेजारी उभ्या पार्टनरला. तो पार्टनर म्हणजे कावादा. मागची नाडी त्यानं सोडली, मिसावानं मुखवटा भिरकावला, आणि महिन्याभरात तेव्हाचा बडा स्टार जंबो त्सुरुताला हरवून तो कंपनीचा मुख्य माणूस झाला. नाडी सोडणारा नाडी सोडणाराच राहिला.

१९९३ मध्ये कावादा बाजू सोडून ताउएला जाऊन मिळाला. ताउए म्हणजे सुमो सोडून आलेला उंच, धिप्पाड गडी, चालताना जरा बावळट वाटणारा. मला तो आवडतो, पण त्याच्यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल. मिसावानं आपल्या कोपऱ्यात कावादाच्या जागी कोबाशीला घेतलं. आता तो फोटो परत बघा. कोबाशी ज्या जागी पडलाय, ती जागा आधी कावादाची होती.

एवढं डोक्यात ठेवून बघितलं की मॅच वेगळीच दिसते. पुढचा दात नसलेला, काळ्या-पिवळ्या चड्डीतला हा माणूस सेनपाईला आजवर एकदाही चितपट करू शकलेला नाही. मिसावा दोनच आठवड्यांपूर्वी अमेरिकन स्टॅन हॅन्सनला हरवून ट्रिपल क्राउन, म्हणजे कंपनीच्या एकेरीतल्या सर्वांत मोठ्या किताबाचा चॅम्पियनही झालेला. समोरासमोर तो हरणार नाही, हे कावादाला कळून चुकलंय. मग तो काय करतो? आधी मिसावाच्या आधाराचा पाय मोडतो. कोबाशी एकदा रिंगबाहेर लंगडत बसला की सेनपाई एकटा. मग ताउए मिसावाचा गळा धरून त्याला रिंगच्या कडेवरून थेट खाली जमिनीवर आपटतो. एप्रिलमध्ये कावादाच्याच लाथेनं मिसावाच्या डोळ्याभोवतीचं हाड मोडलं होतं, तो डोळाही ही दोघं सोडत नाहीत. व्हिलन म्हणावं तर तसं तोंड नाही कावादाचं. हसणं नाही, प्रेक्षकांना डिवचणं नाही. उधारी वसूल करायला आलेल्या माणसासारखा चेहरा. आणि पैसे मिळतील याची त्यालाच खात्री नाही.

म्हणून कोबाशी मिसावाच्या अंगावर येऊन पडतो तेव्हा मी आता कोबाशीकडे बघत नाही. लंगडा पोरगा जीव टाकतोय, बुडोकान ओरडतंय, आणि कावादा त्यालाच तुडवतोय. जो प्रेमानं आडवा पडलाय त्याला मारल्याशिवाय आपला विजय पुढे सरकत नाही, हे कळूनही तो लाथ घालतो. हे लिहून देणाऱ्या माणसाला सलाम, आणि करून दाखवणाऱ्याला तर दंडवतच.

शेवट पॉवरबॉम्ब. वाकलेल्या मिसावाच्या कमरेभोवती कावादाचे हात. पाच वर्षांपूर्वी डोक्यामागची नाडी सोडली तेच हात. उचलला, आपटला, एक, दोन, तीन. पहिल्यांदाच.

आणि तरी मनासारखं कुठं झालं? टॅग मॅच होती. ताउए सोबत होता, पार्टनर लंगडा होता. मग १९९७ च्या चॅम्पियन कार्निव्हलमध्ये, म्हणजे कंपनीच्या वार्षिक स्पर्धेत, त्यानं मिसावाला एकट्यानं पाडलं, पण मिसावा तेव्हा कोबाशीशी अर्धा तास लढून बरोबरी करून नुकताच आलेला. ट्रिपल क्राउनसाठी मिसावाला हरवायला १९९८ चा टोकियो डोम स्टेडियममधला शो उजाडला. कावादाच्या प्रत्येक विजयाला एक पण चिकटलेला असतो, आणि माझा जीव अशाच माणसावर जास्त.

२००० मध्ये मिसावा कंपनी सोडून गेला, नोआ नावाची स्वतःची कंपनी काढली. कोबाशी गेला, जवळजवळ सगळे गेले. ताउएसुद्धा गेला. कावादा मागे राहिला. २००५ मध्ये टोकियो डोममध्ये दोघं पुन्हा समोर आले, मिसावा जिंकला. २००९ च्या जूनमध्ये हिरोशिमात एका बॅकड्रॉपनंतर, म्हणजे उचलून मागे आपटण्याच्या डावानंतर, मिसावा रिंगमध्येच कोसळला आणि त्याच रात्री वारला. ४६ वर्षांचा होता. कावादानं पुढे हॉटेल काढलं, रामेन, म्हणजे जपानी नूडल्सचं सूप, विकायला लागला.

हे सगळं मामाला सांगितलं नाही. मॅच संपली तेव्हा पेपर कधीच खाली पडला होता. "नुराच हाय," असं पुन्हा एकदा बजावून तो उठला, चूळ भरून आला. अंथरुणावर पडल्यावर पाच मिनिटांनी अंधारातून विचारतो,

"त्या दातपडक्याची आणखी एखादी हाय का रं?"